खंडेनवमीचं काडतूस

चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी, सगळे बाहेरच्या खोलीत जमले तेव्हा हिरानं मनात एकच गोष्ट टिपून ठेवली: पूर्वाला पाणी कुणी कुणी आणून दिलं.

आधी तेजसनं दिलं. ठीक आहे, नवराच तो. मग नम्रतानं. वारज्याहून आलेली ही नणंद, पायातली चप्पल निघाली नव्हती तोवर "पूर्वा, काही खाल्लंस का गं?" सुरू. आणि तिसरा पेला आणला सीतारामनं. हिराच्या नवऱ्यानं. ज्याला स्वतःच्या घरात तांब्या कुठं असतो हे विचारल्याशिवाय सापडत नाही, तो माणूस उठून आत गेला, पेला विसळला, भरला आणि धाकट्या भावजयीपुढं धरून म्हणाला, "घे गं, दोन घोट तरी घे."

हिराला डेंग्यू झाला होता तेव्हा याच माणसानं दारातून विचारलं होतं, "मग आज भाकरीचं काय?"

पूर्वा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. चार दिवस केसाला फणी नाही, डोळे सुजलेले. तरी दिसत होती चांगलीच. रडून रडून काही बायका ओंगळ होतात, हिरा त्यातली. ही मात्र रडली की फोटो काढून भिंतीला लावावा अशी. आणि कमरेला गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा अजून तसाच. पोलीस घरी येऊन गेले, पेपरात नाव आलं, पण जुडगा काही कमरेचा सुटला नाही.

"उद्या अकराला चौकीत जायचंय," तेजस म्हणाला. "घरातल्या सगळ्यांचे जबाब घेणार आहेत. त्याआधी आपलं काय ते एक ठरू दे."

"एक म्हणजे खरं, का एक म्हणजे एकसारखं?" नम्रतानं विचारलं. ती वकिलाच्या ऑफिसात होती. पंधरा वर्षं दुसऱ्यांचे जबाब टाइप करून तिला हा फरक चांगला कळायला लागला होता.

"ताई, आत्ता टोमणे नकोत."

"टोमणा नाही रे. टाइप करताना वेगळं करावं लागतं, म्हणून विचारते."

बापूराव खिडकीजवळच्या पलंगावर बसून होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा सासरा, चार दिवसांत एक शब्द बोलला नव्हता. खिडकीतून खालचं गोदाम दिसायचं आणि त्याच्या पत्र्यावर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी: काळमेघ आणि मुलं, सिनेमा-नाटकासाठी हत्यारं. हडपसरच्या भाजी बाजाराच्या मागची ही गल्ली हत्यारवाल्यांची गल्ली म्हणूनच ओळखली जायची. पाटीवर 'मुलं' होती. सुनांचं नाव नव्हतं, आणि ते एका अर्थी बरं होतं, दोघींचंही नव्हतं.

काय घडलं ते सगळ्या पुण्याला ठाऊक होतं, कारण सेटवरच्या कुणीतरी मोबाइलवर काढलेला चौदा सेकंदांचा व्हिडिओ गावभर फिरत होता. कात्रज घाटाच्या अलीकडं एका बंगल्यात वेब सिरीजचं शूटिंग. दिवस दसऱ्याचा. हिरो म्हणवणाऱ्या पोराला तालमीत रबरी बंदूक नको झाली. हातात खरं वजन असल्याशिवाय म्हणे त्याच्या चेहऱ्यावर काही येत नाही. वजन आल्यावर तरी काय येत होतं देव जाणे! पण दिग्दर्शकानं मान डोलावली, आणि सेटवरची हत्यारं सांभाळणाऱ्या पूर्वानं काळमेघांचं सर्वांत जुनं, सहा घरांचं पिस्तूल त्याच्या हातात दिलं. देताना सवयीनं ओरडली, "थंड आहे!" थंड म्हणजे रिकामं. सेटवर हा शब्द ऐकला की माणसं निर्धास्त होतात. हवालदाराची भूमिका करणाऱ्या नागोरावनं नळी पंजात धरून बाजूला ढकलायची, एवढाच प्रसंग. पोरानं गंमत म्हणून घोडा ओढला. खट. पुन्हा ओढला. खट. सगळे हसले, नागोरावही हसला. तिसऱ्यांदा ओढला.

गोळी नव्हती त्यात. आवाजाचं काडतूस होतं, नुसती दारू आणि तोंडाला पुठ्ठ्याची चकती. लोकांना वाटतं, आवाजाचं काडतूस म्हणजे दिवाळीतली टिकली. काळमेघांच्या घरात असं कुणालाच वाटत नसे. गोदामात नव्या आलेल्या प्रत्येक माणसाला बापूराव पहिल्याच दिवशी कलिंगडासमोर उभं करायचे. वीतभर अंतरावर नळी, घोडा, आणि कलिंगडाचा गर भिंतीवर. "हे तुह्यं डोस्कं," ते म्हणायचे, "आन् याच्यात गोळी नव्हती, बरं." हिरानं लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात ते पाहिलं होतं. भिंतही तिनंच पुसली होती.

नागोरावचा पंजा वीतभरावर नव्हता. नळीच्या तोंडावरच होता.

"हे बघा," नम्रता पुढं सरकली, "सरळ आहे. पिस्तूल आपलं, काडतूस त्यांचं. सेटवर शंभर माणसं असतात. आपण रिकामं दिलं, नंतर कुणीतरी घातलं. कुणी, ते पोलीस शोधतील."

"त्यांच्याकडं काडतुसं असतात का पण?" सीतारामनं विचारलं.

"दादा, तू उद्या चौकीत तोंड उघडू नकोस. तुला ताप आलाय."

"आला नाहीये."

"येईल उद्यापर्यंत."

तेजस मान हलवत होता. त्याला ते पटत होतं, कारण त्यात पूर्वा सुटत होती. त्याला हल्ली दुसरं काही पटतच नसे. हिरा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं, आणि काय वाटतं हेही कुणी विचारलं नव्हतं. पोलिसांनीसुद्धा नाही. त्या साहेबांनी वहीत नावं घेतली तेव्हा हिरापाशी येऊन विचारलं होतं, "आपण घरकाम बघता ना?"

घरकाम! त्या गोदामातलं प्रत्येक हत्यार एकोणीस वर्षं हिरानं पुसलं होतं. कुठल्या तलवारीची मूठ ढिली, कुठल्या बंदुकीचा घोडा अडतो, हे तिला अंधारात सांगता आलं असतं. बापूराव डोळ्यांनी अधू झाले तशी ती त्यांचे डोळे झाली. आणि मग सहा वर्षांपूर्वी तेजसनं पूर्वाला आणली. सिनेमाचा कोर्स केलेली, परवान्याचे कागद इंग्रजीत फडाफडा भरणारी, सेटवरच्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलणारी. वर्षभरात बापूरावांनी जुडगा तिच्या हातात दिला. हिरा तेव्हा मोदक वळत होती. हातातला मोदक तिनं इतका दाबला की सारण बाहेर आलं. तोंडातून शब्द मात्र निघाला नाही. उलट त्या दिवसापासून ती स्वतःचं बोलणंच घासूनपुसून घ्यायला लागली. फुरसुंगीच्या माहेरचं 'हाय' जाऊन 'आहे' आलं. पूर्वासारखं.

मागच्या उन्हाळ्यात सगळे मिळून सिनेमा बघायला गेले होते. काळमेघांच्या तलवारी असलेला सिनेमा. तो संपल्यावर तेजसनं कुणाला उठू दिलं नाही. पांढऱ्या अक्षरांत नावं वर वर जात होती, आणि एकदम तो ओरडला, "आलं, आलं!" शस्त्र-प्रमुख: पूर्वा तेजस काळमेघ. सीतारामनं टाळ्या वाजवल्या. आणखी बरंच खाली, जेवण देणारे, गाड्या देणारे, कुठल्याशा गावचे सरपंच यांच्या घोळक्यात एक ओळ आली: विशेष आभार, काळमेघ परिवार. नम्रता हिराच्या मांडीवर थाप मारून म्हणाली, "वहिनी, यात आपण आलो हं!"

दारावरची कडी वाजली.

चंपा होती, नागोरावची बायको. हातात स्टीलचा डबा. खोलीतले सगळे असे दचकले, की जणू पोलीसच आले.

"बसत नाही," ती म्हणाली. "डबा द्यायला आले. वहिनी, चार दिवस तुमच्या डब्यावर आमचं घर जेवलं. कालची आमटी त्यांनी डाव्या हातानं खाल्ली. सांडली सगळी, पण खाल्ली."

हिरानं डबा घेतला. घासून लख्ख केलेला होता. रोज सकाळी ती डबा भरून दवाखान्यात पाठवत होती, आणि पाठवताना मनात म्हणत होती, ती नुसती रडते, मी करते.

"आता कसं आहे?" तेजसनं विचारलं.

"काल दोन बोटं काढली. अंगठा राहिला." चंपा हे अशा आवाजात म्हणाली, की जणू दुकानात दोन वस्तू मिळाल्या, एक नाही मिळाली. "नाटक-सिनेमाचं काही नाही हो, ते हौसेचं. पण रिक्षा त्याच हातावर चालते. मूठ पिळल्याशिवाय रिक्षा पुढं जाते का?"

मग पूर्वा उठली, चंपाच्या पायाशी वाकायला लागली. चंपानं तिला मध्येच धरली.

"असं नको करू बाई. ते काय म्हणतात माहितेय? म्हणतात, पूर्वाताईला कुणी बोलायचं नाही. पोरगी चांगली आहे. ती थंड म्हणाली म्हणजे तिच्या मनात थंडच असणार."

हिराचा हात डब्याच्या कडीवर आवळला. बोटं गेली ती नागोरावची, आणि तोही हिचीच आरती ओवाळतोय! चार दिवस डबा कुणाचा खाल्ला?

चंपा उंबऱ्यापर्यंत गेली आणि वळली. "एक विचारायचं होतं. सिस्टर विचारत होत्या, जखम धुताना कुंकू निघालं ते कसं? कुंकू आणि हळद. मी म्हटलं, सणाचा दिवस होता, लागलं असेल कुठं. पण आमच्या घरी दसऱ्याला कुणी कुंकू काढलंच नव्हतं."

ती गेली. जिना उतरल्याचा आवाज विरल्यावर तेजसनं दाराला कडी लावली.

"संपलं," नम्रता म्हणाली. "काडतूस आपलंच."

आपलंच होतं. हे सगळ्यांना चार दिवस ठाऊक होतं, फक्त कुणी तोंडातून काढलं नव्हतं. दर खंडेनवमीला गोदामातली हत्यारं वर यायची, पाटावर मांडली जायची, झेंडूची फुलं वाहिली जायची. आणि सर्वांत जुन्या त्या सहा घरांच्या पिस्तुलाच्या एका घरात बापूराव आवाजाचं एक काडतूस ठेवायचे, तोंडाला हळदकुंकू लावून. "उपाशी हत्याराले नमस्कार करायचा नाही." तरुणपणी अमरावतीकडून पुण्यात आले तेव्हा त्यांच्याकडं तेवढं एकच पिस्तूल होतं, त्याच्यावर हा संसार उभा राहिला. दसऱ्याला संध्याकाळी आपट्याचं सोनं वाटून झालं की ते स्वतःच्या हातानं काडतूस काढायचे. तोवर हत्यारानं उंबरा ओलांडायचा नाही. यंदा मात्र त्या हिरोकडं शूटिंगसाठी दसऱ्याशिवाय दुसरी तारीखच नव्हती. दिग्दर्शकाला नेमकं ते जुनं पिस्तूलच हवं होतं. तेजसनं खंडेनवमीच्या रात्री बापाच्या पायाशी बसून त्याचं मन वळवलं, आणि म्हातारा उद्या देतो म्हणाला. काडतूस काढायचं मात्र त्याच्या डोक्यातून गेलं.

पण काळमेघांच्या घरात एक दुसराही नियम होता, आणि तो असल्या विसरण्यासाठीच होता. हत्यार देणाऱ्यानं ते उघडून दाखवायचं आणि म्हणायचं, "रिकामं." घेणाऱ्यानं एकेका घराला करंगळीचं टोक टेकवायचं आणि म्हणायचं, "पाहिलं." बापानं लेकाला दिलं तरी. दिवसातून दहा वेळा दिलं तरी.

बापूरावांनी खिडकीवरची नजर काढली. चार दिवसांतला पहिला शब्द आला.

"पिस्तुलाची पेटी कोनं भरली?"

हिरानं डब्याचं झाकण काढलं आणि पुन्हा लावलं.

"मी," पूर्वा म्हणाली.

"पाटावरून कोनं उचललं?"

"मीच, मामाजी. मीच पुसलं, मीच पेटीत ठेवलं. घाईत होते. उघडून पाहिलं नाही." तिचा आवाज कापत नव्हता. "नियम माहीत होता. पाळला नाही. उद्या मी तसंच सांगणार आहे. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं कारण नाही."

तेजसनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. नम्रतानं चष्मा काढून डोळे पुसले. वकिलाच्या ऑफिसात बसणाऱ्या नम्रतानं! आणि सीताराम, ज्याला आयुष्यात कधी कुणाबद्दल चांगलं बोलायला सुचलं नाही, तो हळूच म्हणाला, "छाती लागते असं बोलायला."

हिरा बघत राहिली. ही बाई धडधडीत खोटं बोलत होती.

पेटी हिरानं भरली होती. दसऱ्याच्या सकाळी पूर्वा जिन्यात फोनवर होती, "हो सर, निघालेच सर," आणि हिरा पाटासमोर बसून फडक्यानं पिस्तुलावरची हळद पुसत होती. पिस्तूल तिरकं केलं तेव्हा मागच्या फटीत पितळेची किनार चमकली. एका घरात. बाकीची पाच काळी. काढायला काय लागलं असतं? अंगठ्यानं खिटी दाबायची, हातावर झटकायचं. एवढ्यात पूर्वा दारात आली, फोन खांद्यात धरून, आणि हात पुढं केला. मोलकरणीकडं करतात तसा. निदान हिराला तरी तो तसा दिसला.

हिरानं पेटी मिटली. खिट्या लावल्या. दिली.

वाजू दे एकदा, असं तिच्या मनात आलं होतं. शंभर माणसांत वाजू दे. हिचं ते "थंड आहे" सगळ्यांना ऐकू दे, आणि त्यावर तो धडाका. मग बघू कुणाच्या कमरेला जुडगा राहतो.

कलिंगड आठवलं नाही का? आठवलं. खोटं कशाला? पेटी दिल्यावर, श्रीखंडासाठी चक्का फेटताना आठवलं. फोन समोर ओट्यावर पडला होता. हिरानं चक्का फेटला.

"पूर्वा," बापूराव म्हणाले. "जुडगा काढ."

पूर्वानं तो कमरेचा सोडवला आणि त्यांच्या हातात दिला. म्हाताऱ्यानं तो तळहातावर थोडा तोलला.

"हिरा. इकडं ये."

ती गेली. डबा अजून हातातच होता, तो कुठं ठेवावा सुचेना, शेवटी काखेत धरला.

"एकोणीस वर्सं झाली तुले. तवाच द्याले पाहिजे होता. कागद वाचता येते म्हून मी तिले देला, आन् हत्यार वाचता येते तिले तसंच ठेवलं. चूक माही." त्यांनी किल्ल्या तिच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटवली. "घे. आता तूच."

किल्ल्या कोमट होत्या. पूर्वाच्या अंगाची ऊब. हिराला हेच हवं होतं, असंच, सगळ्यांसमोर, नणंदेसमोर, आणि तिनं हे हजार वेळा मनात बघितलं होतं. आनंद झाला का? झाला. लाज वाटण्याइतका झाला. दोन बोटं दवाखान्याच्या बादलीत गेली होती आणि हिरा नावाच्या या बाईच्या अंगावर काटा आला होता, सुखाचा.

ती गोदामात उतरली, वर कुणाच्या तोंडाकडं बघायचं नव्हतं म्हणून. तेलाचा वास, भिंतीला ओळीनं टांगलेल्या ढाली, आणि काचेच्या कपाटात त्या पिस्तुलाची रिकामी जागा. ते पोलिसांकडं होतं. मागं पावलं वाजली.

"त्या कपाटाची किल्ली उलटी फिरवावी लागते, वहिनी," पूर्वा म्हणाली.

"माहीत आहे मला."

"हो. तुम्हाला माहीतच असणार."

मग हिराच्यानं राहवलं नाही. "खोटं का बोललीस वर?"

"कशाबद्दल?"

"पेटीबद्दल. पेटी मी भरली. तुझ्या हातात मी दिली."

"ते सांगून काय करायचंय? तुमचंही नाव गोवायचं?" पूर्वा खाली बघत म्हणाली. "घेणाऱ्यानं बघायचं असतं. मी बघितलं नाही."

"का नाही बघितलंस? इतक्यांदा शिकवलंय मामाजींनी."

"सगळ्यांची बघते मी. तेजसनं दिलं तरी उघडते. तो चिडतो, म्हणतो नवऱ्यावरही विश्वास नाही. मामाजींनी दिलं तरी बघते, हल्ली त्यांना दिसत नाही." तिनं वर पाहिलं. "तुमच्या हातातून आलेली पेटी मी सहा वर्षांत कधी उघडून बघितली नाही, वहिनी. एकदाही नाही. तेवढी एक जागा होती माझी, जिथं बघायची गरज नव्हती."

हिरानं एक ढाल सरळ केली. ती आधीच सरळ होती.

"मला कळतंय काय झालं ते," पूर्वा हळू आवाजात पुढं म्हणाली. "सणाची गडबड, एवढ्या माणसांचा स्वयंपाक. तुमच्या लक्षात राहिलं नसेल. आता वयही... म्हणजे होतं असं कुणाचंही. मी कुणाला सांगणार नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

आणि तिनं हिराचा हात हातात घेतला. थोपटला.

तो हात थोपटला गेला नसता तर कदाचित सगळं निभलं असतं. हिरानं किल्ल्या ठेवल्या असत्या, डबे पाठवले असते, आणि मरेपर्यंत गप्प राहिली असती. माणसं राहतात. पण विसरली? हिरा? जिला अंधारात घोडा अडल्याचं कळतं, ती पितळेची किनार विसरली? ही कालची पोर तिला माफ करून मोकळी झाली होती, आणि वर वय काढत होती! किल्ल्या दिल्या, मोठं मन दाखवलं, पाणी तिला, आसवं तिच्यासाठी, नागोरावची माया तिच्यावर. आणि आता गुन्हाही तिच्याच नावावर जाणार. कागदावर, शिक्क्यासकट. हिरा तिथंही नाही. तिथंही परिवारात.

ती भराभर पायऱ्या चढून वर गेली.

वर तेजस कागद घेऊन बसला होता आणि नम्रता मजकूर सांगत होती. "'मी, पूर्वा तेजस काळमेघ, वय तेहतीस, धंदा शस्त्रपुरवठा, राहणार हडपसर...'"

"थांबवा ते," हिरा म्हणाली.

"वहिनी, दोन मिनिटं, चहा नंतर."

"चहा नाही विचारत मी!" तिनं जुडगा पलंगावर बापूरावांच्या पुढ्यात टाकला. किल्ल्या खळकन पसरल्या. "मामाजी, पेटी मी भरली. पाटावरून मी उचललं. तुमचं काडतूस मी बघितलं."

"अगं, काय बोलतेस?" सीताराम उठला. "दोन रात्री झोप नाही हिला..."

"तुम्ही गप बसा. बघितलं, मामाजी. फटीतून पितळ दिसलं. काढलं नाही. पेटी बंद केली आणि हिच्या हातात दिली."

पूर्वा दारात येऊन उभी राहिली होती. "वहिनी, तुम्ही विसरलात. असं का..."

"न्हाई इसरले!" हिरा तिच्यावर कडाडली, आणि एकोणीस वर्षांत घासून काढलेलं सगळं एका दमात परत आलं. "मी काय इसरत न्हाय. तुला धडा मिळावा म्हनून दिलं. समद्यांसमोर तुझं नाक खाली व्हावं म्हनून. नागोरावचा हात मधी यील, हे मला वाटलं नव्हतं. पन कलिंगड मला ठाव हाय. तुझ्याआधीपासनं ठाव हाय."

तेजस खुर्ची पाडून उठला. नम्रता मध्ये आली नसती तर त्यानं काय केलं असतं सांगता येत नाही. "वहिनी," नम्रता दातांतून बोलली, "हे या खोलीबाहेर गेलं तर घाईत चूक झाली असं राहणार नाही. हे माहीत असून केलेलं ठरतं. फरक कळतो का तुम्हाला? आत जाल."

"कळतो."

बापूरावांनी पसरलेल्या किल्ल्या चाचपून एका जागी लोटल्या, पण जुडगा उचलला नाही. "काडतूस मीच ठेवलं होतं," ते कुणाकडंच न बघता म्हणाले. "उपाशी हत्यार म्हून. तेच उपाशी ठेवाले पायजे होतं मले." मग त्यांनी हिराकडं पाहिलं, आणि ती नजर हिराला सोसली नाही, कारण त्या नजरेत राग नव्हता. ओळख गेली होती.

तिनं पूर्वाकडं पाहिलं. पूर्वाचे डोळे कोरडे झाले होते. त्यात माया नव्हती, कीव नव्हती, मोठं मन नव्हतं. होता तो निखळ तिरस्कार, बरोबरीच्या माणसाचा करतात तसा. सहा वर्षांत पहिल्यांदा ती हिराकडं अशी बघत होती. हिराला मोकळा श्वास आला.

खाली बाजारात कुणीतरी मेथीच्या जुड्यांचा भाव ओरडत होतं. शेवटी नम्रतानं तेजसच्या हातातला कागद घेतला, फाडला, नवा कोरा कागद मांडीवर ठेवला. कडेला समास दुमडला. सवय ती सवय.

"मग दोघींची नावं येतील," ती म्हणाली. "देणारीचं आणि घेणारीचं. घेणारीनं बघितलं नाही, हेही लिहावं लागेल. लिहिते. 'आम्ही, पूर्वा तेजस काळमेघ, वय तेहतीस, आणि...'"

"खोड ते," हिरा म्हणाली. ती पुढं आली आणि जमिनीवर, कागदाच्या समोर, मांडी घालून बसली. "हिरा सीताराम काळमेघ. वय शेचाळीस. धंदा हत्यारांचा, घरकाम न्हाय. आधी माझं लिव्ह. मोठी मी हाय."